विनोदी गोष्टीवरचे प्रश्न: गैरसमज आणि वस्तुस्थिती

विनोदी गोष्टीचा उतारा म्हणजे हमखास गुण, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात माहितीपर उताऱ्यात बरेचसे उघड मांडलेले असते. विनोदात मात्र काही गोष्टी मुद्दाम न सांगता सोडलेल्या असतात आणि हसू तिथेच येते. त्या ओळखता आल्या तरच गोष्ट समजली.

भोपळ्यातल्या म्हातारीची लोककथा पाहावी. लेकीकडे निघालेली म्हातारी वाटेत अडवणाऱ्या वाघाला सांगते, की तिथे खाऊनपिऊन धष्टपुष्ट होऊन येते, मग खा. येताना ती भोपळ्यात बसून निसटू पाहते. ‘म्हातारी कशात बसून आली?’ याचे उत्तर गोष्टीत आयते मिळते. ‘वाघाने तिला का जाऊ दिले?’ या प्रश्नाला मात्र ‘वाघ दयाळू होता’ असे उत्तर येऊ शकते. वाघाला दया आलेली नसते, जास्त मांसाचा लोभ सुटलेला असतो. गोष्टीत ‘लोभ’ हा शब्द नसला तरी उत्तर तेच. म्हणजे उताऱ्यातले वाक्य जसेच्या तसे उतरवावे लागते, हा समज खरा नाही. आधार उताऱ्यातला हवा, शब्द मुलाचे चालतात. याच्या उलट, मत विचारले की काहीही लिहावे, हेही चूक. म्हातारीने वाघाला फसवले ते योग्य की अयोग्य, यावर दोन्ही बाजू मांडता येतात. पण कारण गोष्टीतल्या प्रसंगाला धरूनच द्यावे लागते.

आधी प्रश्न वाचून उत्तर हुडकण्याची युक्ती नाव किंवा संख्या विचारली असेल तर उपयोगी पडते. विनोदाचा धागा तिने हाती लागत नाही. वाशिमच्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीच्या प्रवेशासाठी होणाऱ्या निवड परीक्षेत ८० पैकी २० प्रश्न भाषेचे असतात, तेही उताऱ्यांवरचे आणि बहुपर्यायी. अशा प्रश्नांत एखाद्या पर्यायात शब्द उताऱ्यातले, पण अर्थ भलताच, असेही असू शकते. घाईत नेमका तोच निवडला जातो.

वाशिम जिल्ह्यात अनेक घरांत वऱ्हाडी आणि मानोरा तालुक्यातल्या बंजारा तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. पुस्तक प्रमाण मराठीत असते. बोलीतून उत्तर देणाऱ्या मुलाला गोष्ट कळलीच नाही, हा सर्वांत नुकसानकारक गैरसमज आहे. आकलन आणि प्रमाण लेखन ही दोन निराळी कौशल्ये आहेत. वाघ कसा फसला हे मुलाने आधी घरच्या बोलीत रंगवून सांगावे, मग तेच उत्तर प्रमाण मराठीत लिहावे. त्याला गोष्ट कळली नाही की केवळ लिहिता आले नाही, हे शिक्षकाला तेव्हाच कळते.