वडिलांचा बंगला विकताना

अंगणात आंबा, वर गच्ची, सहा खोल्या आणि राहणारी एकटी आई. मुलगा बंगळुरूला, मुलगी सासरी. दिवाळीला सगळे जमले की विषय निघतोच, ''आता हा बंगला विकून टाकू या का?'' तुमच्याही घरी हे बोलणं सुरू असेल तर थोडं थांबा. दलालाला फोन करण्याआधी पुढच्या गोष्टी आपसात बोलून घ्या.

आधी आईला विचारा

घर विकल्यावर आई कुठे राहणार, हे आधी ठरवा. 'कधी माझ्याकडे, कधी ताईकडे' हे उत्तर नाही. तिच्या नावावर छोटा का होईना फ्लॅट आणि बँकेत पुरेशी रक्कम राहिली पाहिजे.

बहिणीचा वाटा

वडिलांनी स्वकमाईने घर बांधलं असेल आणि मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार आई, मुलगे व मुली यांना समान वाटा मिळतो. आजी हयात असेल तर तिलाही. मुलीचं लग्न झाल्याने हक्क संपत नाही. वडिलोपार्जित मालमत्तेतही २००५ च्या दुरुस्तीने मुलगी मुलाच्या बरोबरीची झाली. म्हणून बहिणीसमोर 'इथे फक्त सही कर' म्हणत कागद सरकवू नका. तिने स्वखुशीने हक्क सोडला तरी हक्कसोडपत्राची नोंदणी करावी लागते.

कागद आणि कर

वारसांची नावं मिळकत पत्रिकेवर चढवून घ्या. मूळ खरेदीखत, मंजूर नकाशा, मालमत्ता कराच्या पावत्या एकत्र ठेवा. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचं असेल, तर नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून त्या तारखेची किंमत काढून घ्या, नफा मोजताना ती कामी येते. विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं, तर नियमांनुसार करात सूट मिळते. किंमत ५० लाख वा अधिक असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. भावंडांपैकी कुणी परदेशी स्थायिक असेल तर त्याच्या वाट्याचे नियम वेगळे आहेत, सीएचा सल्ला घ्याच.

किल्ली देण्यापूर्वी

एक रविवार सगळ्यांनी त्या घरात घालवा. आईच्या हातचं जेवा, दारावरची वडिलांच्या नावाची पाटी काढून सोबत घ्या. घर विकलं जाईल, पण पुढच्या दिवाळीला भावंडं एका ताटावर बसली तरच तो व्यवहार फायद्याचा झाला म्हणायचा.