कीर्दीवरून ताळेबंद, सोर्स कोडवरून आराखडा

पेढीवर संगणक येऊन बरीच वर्षे लोटली. बिले, साठा, उधारी, जीएसटी हा सारा व्यवहार ज्या प्रणालीवर चालतो, ती आतून कशी बांधली आहे याचा कागद मात्र फार थोड्या तिजोऱ्यांत सापडेल. ती लिहिणारा प्रोग्रामर निघून गेला, की प्रणाली मालकाची असूनही मालकालाच परकी होते. हे केवळ लहान पेढ्यांचे दुखणे नव्हे. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर आवाहन करावे लागले. राज्याच्या जुन्या प्रणाली त्याच भाषेत लिहिलेल्या होत्या.

हरवलेला आराखडा सोर्स कोडवरूनच पुन्हा तयार करणारी साधने आज उपलब्ध आहेत. त्यांचे काम व्यापाऱ्याला समजावून सांगणे कठीण नाही. कीर्दीतील नोंदी खतावल्या की खाती उभी राहतात, खात्यांवरून तेरीज आणि तेरजेवरून ताळेबंद. सोर्स कोड ही अशीच कीर्द होय. साधन ती ओळीने वाचते, कोणता भाग कोणत्या भागाला हाक देतो, कोण कोणत्या तक्त्यात लिहितो हे टिपते आणि त्याचे चित्र काढते. १९९७ पासून प्रचारात असलेले डॉक्सिजन हे त्यांतील एक. ते विनामूल्य मिळते. कोड बदलला की आराखडा पुन्हा काढता येतो, म्हणून तो शिळा होत नाही. हाताने लिहिलेल्या दस्तऐवजाचे मात्र तसे नसते.

तथापि ताळेबंदावरून व्यवहाराचे कारण कळत नाही. ते नोंदीखालच्या कंसातील स्पष्टीकरणात असते. प्रणालीत कोठेतरी ५०,००० आणि १,००,००० हे दोन आकडे असतील, तर साधन ते दाखवील. पण परराज्यात जाणाऱ्या मालाला पहिल्या रकमेपुढे ई-वे बिल लागते आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात दुसऱ्या रकमेपुढे, म्हणून ते आकडे तेथे आहेत, हे चित्रात कोठून उमटणार? कोणी कोडमध्ये तशी टीप लिहिली असेल तरच. शिवाय मोठ्या प्रणालीचे चित्र रेषांच्या जाळ्यासारखे निघते. त्यातील महत्त्वाचे काय हे माणसालाच ठरवावे लागते.

हल्लीची कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कारणेही लिहून देतात. ती वाचायला सुबक असतात. पण कित्येकदा तो निव्वळ अंदाज असतो. लेखापरीक्षक व्हाउचरवाचून नोंद मान्य करीत नाही, तशीच सावधगिरी येथे हवी.

नवी प्रणाली करून घेताना सोर्स कोडची मालकी आपल्याकडे राहील, हे करारात लिहून घ्यावे. प्रत्येक हप्ता देण्यापूर्वी ताजा आराखडा मागावा आणि महत्त्वाच्या निर्णयांची कारणे मराठीत का होईना, तारखेसह नोंदवून घ्यावीत. प्रोग्रामर कुरकुर करील. मुनीमही करीत असत.