उंदरांना रोज छोटा-छोटा त्रास देऊन डिप्रेशनचा अभ्यास कसा होतो?

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. सात रस्त्याजवळ राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाची कल्पना करा. आज पाणी येणार होतं, आलं नाही. आता रात्री येईल की पहाटे, माहीत नाही. त्यात घरात कुणी आजारी, कामाची शिफ्ट अचानक बदललेली. यातलं एकही संकट फार मोठं नाही. पण पुढचा त्रास कधी आणि कुठून येईल याचा अंदाज नसतो आणि हे महिनोन्महिने चालतं.

अशा ताणाने मेंदूत काय होतं? माणसांना मुद्दाम असा ताण देऊन ते तपासता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ प्रयोगशाळेतल्या उंदरांकडे वळले. ‘डिप्रेशनवरचं नवं औषध उंदरांवर यशस्वी’ अशा बातम्यांमागे बऱ्याचदा हेच प्रयोग असतात.

उंदरांना कसला ताण देतात?

1987 साली ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ पॉल विल्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात उंदरांना काही आठवडे सौम्य पण बदलता ताण दिला होता. या पद्धतीत कधी पिंजरा तिरका ठेवतात, कधी खालचा भुसा ओला करतात. कधी रात्रभर दिवा चालू राहतो, तर कधी पिंजऱ्यातला सोबती बदलतो.

खरी मेख अनिश्चिततेत आहे. तोच त्रास रोज ठरलेल्या वेळी दिला, तर प्राणी त्याला बऱ्याच अंशी सरावतो. म्हणून त्रासाचा प्रकार आणि वेळ बदलत ठेवतात.

उंदीर उदास आहे हे कसं कळतं?

उंदीर बोलत नाही, म्हणून त्याची आवड मोजतात. पिंजऱ्यात दोन बाटल्या ठेवतात, एकीत साधं पाणी आणि दुसरीत साखरेचं. निरोगी उंदीर गोड पाणी जास्त पितो. अनेक आठवडे ताणाखाली राहिलेल्या उंदरांची ही ओढ कमी होते. आवडीच्या गोष्टीत मन न रमणं हे माणसांमधल्या नैराश्याचंही मुख्य लक्षण आहे.

विल्नर यांच्या प्रयोगात नैराश्यावरचं एक जुनं औषध 2 ते 4 आठवडे दिल्यावर गोड पाण्याची ओढ परत आली. माणसांमध्येही अशा औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. या साम्यामुळे ही पद्धत जगभर पसरली.

मेंदूत काय बदलतं?

ताण आला की शरीर एक हार्मोन सोडतं. माणसात ते कॉर्टिसॉल, तर उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन. थोडा वेळ ते उपयोगी पडतं. ते सतत वाढलेलं राहिलं, तर स्मृतीशी संबंधित ‘हिप्पोकॅम्पस’ या भागातल्या चेतापेशींच्या फांद्या आखडतात, असं अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रूस मॅक्इवेन आणि सहकाऱ्यांना उंदरांमध्ये आढळलं.

पण सगळे उंदीर खचत नाहीत. सारख्याच ताणातून गेलेले काही उंदीर जवळपास नेहमीसारखे वागत राहतात. ते कशामुळे तग धरतात, यावरही आता संशोधन होतं.

महाराष्ट्रात यावर काम होतं का?

होतं. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) डॉ. विदिता वैद्य यांचा गट भावना आणि ताण यांमागची मेंदूची यंत्रणा अभ्यासतो. त्यांचा एक महत्त्वाचा विषय म्हणजे बालपणीचा ताण. अशा प्रयोगांत उंदराच्या पिल्लांना जन्मानंतरचे सुमारे दोन आठवडे रोज काही तास आईपासून दूर ठेवतात. ती मोठी झाल्यावरही त्यांच्या वागण्यात चिंतेची लक्षणं आणि मेंदूच्या कामात बदल दिसतात. मेंदू घडत असताना आलेला ताण दीर्घकाळ खुणा ठेवतो, हा त्याचा अर्थ. डॉ. वैद्य यांना 2022 चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला आहे.

म्हणजे उंदराला डिप्रेशन होतं?

नाही, आणि इथेच गफलत होते. अपराधीपणा, ‘माझं काही खरं नाही’ ही भावना किंवा आत्महत्येचे विचार उंदरात मोजता येत नाहीत. कर्ज, घरातली भांडणं, एकटेपणा हेही पिंजऱ्यात आणता येत नाही. प्रयोगात दिसतो तो आजाराचा एखादा तुकडा.

शिवाय एका प्रयोगशाळेतला निकाल दुसरीकडे तसाच मिळेल याची खात्री नसते. नैराश्य स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा साधारण दुप्पट आढळतं, तरी वर्षानुवर्षं बहुतेक प्रयोग नर उंदरांवरच झाले.

प्राण्यांच्या त्रासाचं काय?

हे प्रयोग त्रासावरच उभे आहेत, हे नाकारता येत नाही. भारतात 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार अशा प्रयोगांवर केंद्रीय समितीचं नियंत्रण असतं. संस्थेतल्या नैतिकता समितीची परवानगीही लागते. प्राण्यांऐवजी दुसरा मार्ग आहे का, संख्या कमी करता येईल का, त्रास घटवता येईल का, हे आधी तपासणं अपेक्षित असतं.

काही चाचण्यांवर शास्त्रज्ञांमध्येच वाद आहे. 1977 पासून वापरात असलेल्या एका चाचणीत उंदराला पाण्यात सोडतात. तो हातपाय मारणं थांबवून तरंगू लागला, की त्याने ‘हार मानली’ असं धरायचे. टीकाकार म्हणतात, ही हार कशावरून? तो शक्ती वाचवत असेल.

बातमी वाचताना काय पाहायचं?

तीन गोष्टी पाहा. प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर? नेमकं कोणतं लक्षण मोजलं? आणि दुसऱ्या कुणाला तोच निकाल मिळाला का? उंदरांवर गुणकारी ठरलेली कितीतरी औषधं माणसांवरच्या चाचण्यांत टिकत नाहीत. त्यामुळे अशी बातमी वाचून चालू गोळ्या स्वतःहून बंद करणं किंवा बदलणं धोक्याचं आहे.

आणि आवडत्या गोष्टीतही मन रमत नाही, झोप उडाली आहे, असं दोन आठवड्यांहून जास्त काळ चाललं असेल, तर डॉक्टरांशी बोला. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास सुरू असतो.