तीस किलोमीटरच्या आतलं कुटुंब

भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादच्या रस्त्यावर सकाळी उभं राहिलं, की शिक्षकांच्या मोटारसायकली ओळखू येतात. पाठीला बॅग, हँडलला डबा, तोंडाला रुमाल. गावात याला ‘अप-डाउन’ म्हणतात, आणि म्हणताना आवाजात जरा हेटाळणी असते. मुख्यालयी न राहता घरभाडे भत्ता घेणाऱ्या शिक्षकांचा प्रश्न गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी २०२२ साली विधानसभेत काढला, तेव्हा आमच्या पारावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली होती.

नंतर बदल्यांचे शासन निर्णय वाचायला घेतले. २७ फेब्रुवारी २०१७ च्या निर्णयात पती-पत्नी एकत्रीकरणासाठी वेगळा संवर्ग आहे. पण दोघांच्या नोकरीच्या गावांत ३० किलोमीटरहून जास्त अंतर असेल तरच. म्हणजे २८ किलोमीटरवरचे नवरा-बायको सरकारी हिशोबात एकत्रच नांदतात.

माझ्या ओळखीचं एक शिक्षक जोडपं असंच ‘एकत्र’ आहे. शाळा दोन दिशांना. मुख्यालयाचा नियम दोघांनी अक्षरशः पाळायचा तर दोन चुली मांडाव्या लागतील. मुलगी दहावीला, सासूबाईंचं डायलिसिस. म्हणून बिऱ्हाड शहरात. बाई साडेचारला उठतात.

शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये शिक्षकाचा आठवडा पूर्वतयारीसह ४५ तासांचा ठरवला. बाईंचा रस्ता एका बाजूने ५० मिनिटांचा. सहा दिवसांचे दहा तास त्या ४५ च्या वर, आणि ते कुठल्याच रकान्यात नाहीत. याच कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना अशैक्षणिक कामं लावायला मनाई केली, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळून. मतदार यादीचं काम या फटीतून येतं. वर्ग बुडू नयेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितलं, की निवडणुकीची कामं सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर द्यावीत. मुलांच्या दृष्टीने योग्यच. पण वाचलेला तो तास भरून निघतो शिक्षकाच्या घरातून.

‘बर्नआउट’ला मराठीत मी ‘करपणं’ म्हणतो. पाण्याचा ताण पडला की पीक करपतं, तसं. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये मोफत दवाखान्यांतल्या कार्यकर्त्यांवरून ते मांडलं. क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याची तीन लक्षणं मोजण्याची पद्धत दिली : शीण, ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्याबद्दल येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हटलं. माणूस कच्चा आहे, असा त्याचा अर्थ नाही.

शीण सुट्टीत थोडा उतरतो. मला भीती दुसऱ्या लक्षणाची वाटते. पूर्वी या बाई कुठल्या पोराची आई ऊसतोडीला गेली, ते न विचारता सांगायच्या. यंदा वर्गाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, ‘पट बावीस आहे.’

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला : सेवेची पाच वर्षांहून जास्त उरलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं. बाई २००४ साली शिक्षणसेवक म्हणून लागल्या, आता शेहेचाळीस वर्षांच्या आहेत. परवा गेलो तेव्हा जेवणाच्या टेबलावर मुलीचं दहावीचं गणित होतं आणि त्याखाली आईचं बालमानसशास्त्राचं गाइड. दोघींनी मिळून रात्रीचे दहा ते साडेअकरा वाटून घेतले आहेत.