बोइ, बा, फुए : स्पॅनिशमधलं ‘जाणं’ कानाने कसं पकडायचं?

सध्या एकच तक्रार सारखी येतेय. ‘अ‍ॅपवर स्पॅनिश जमतं, पण सीरिज लावली की सबटायटल्सशिवाय काही कळत नाही.’ म्हणून आज फक्त एक क्रियापद घेऊ. ‘ईर’, म्हणजे जाणे.

अडचण अशी की बोलताना ‘ईर’ बहुतेक वेळा वेगळ्याच वेशात येतो. मी जातो म्हणजे ‘बोइ’, तू ‘बास’, तो किंवा ती ‘बा’, आपण ‘बामोस’, ते ‘बान’. स्पेलिंगमध्ये व्ही असतो, पण ऐकू येतो ‘ब’. तुम्ही ‘व्ह’ची वाट बघत बसता आणि शब्द निघून जातो! त्यात ‘मी’, ‘तू’ हे शब्द बहुधा गाळतात, त्यामुळे कोण जातंय ते रूपावरूनच ओळखायचं. आपणही ‘जातोय रे’ एवढंच म्हणतो की. एक सोय मात्र आहे, जातो-जाते असा भेद नाही.

इतकं वेडंवाकडं का? कारण लॅटिनमधली तीन क्रियापदं इथे मर्ज झालीत. ‘बोइ’ एकाकडून आलं, ‘इबा’ (म्हणजे जायचो) दुसऱ्याकडून, आणि ‘फुई’ (गेलो) चक्क ‘असणे’कडून. हसू नका, आपलंही ‘जातो’ पण ‘गेलो’ आहेच. संस्कृतातले ‘या’ आणि ‘गम्’ हे दोन धातू त्यामागे आहेत.

या मर्जमुळे ‘फुए’चा अर्थ ‘गेला’ही होतो आणि ‘होता’ही. ‘फुए आ माद्रिद’ म्हणजे माद्रिदला गेला. ‘फुए मेदिको’ म्हणजे डॉक्टर होता. मग ‘आ’ दिसला की ‘गेला’ असा नियम करायचा का? नाही चालत. ‘फुए आ लास सिंको’ म्हणजे ‘पाच वाजता झालं’. पुढे ठिकाण आहे का ते बघा, बाकी संदर्भ सांगतो.

खरी कसोटी पुढे आहे. भविष्यकाळासाठी रोजच्या बोलण्यात ‘बोइ आ’ लावून क्रियापद जोडतात. ‘बोइ आ कोमेर’, मी जेवणार आहे. इथे कुणी कुठे जात नाहीये! आता ‘तो बोलणार आहे’ हे कागदावर ‘बा आ आब्लार’ असं असतं. भरभर बोलताना तिन्ही ‘आ’ एकमेकांत मिसळतात आणि कानावर पडतं ‘बाब्लार’. असा शब्द डिक्शनरीत शोधून सापडणार नाही. क्यूबासारख्या कॅरिबियन भागात शेवटचा ‘स’ही पुसट होतो, ‘बामोस’चं ‘बामो’. हाच ‘बामोस’ राफाएल नदाल कोर्टवर ओरडायचा, तिथे त्याचा अर्थ ‘चला!’

आणि आपल्या मराठी डोक्यासाठी खास सापळा. आईने हाक मारली की आपण ‘आलो, आलो’ म्हणतो. स्पॅनिश माणूस म्हणतो ‘या बोइ’, शब्दशः ‘आता जातो’. कारण त्यांचं ‘येणे’, म्हणजे ‘बेनिर’, साधारणपणे बोलणारा जिथे आहे तिथेच येतं. फोनवर ‘तुझ्या घरी येतो’ हेसुद्धा ‘बोइ आ तू कासा’. तिथे ‘बेंगो’ म्हणालात तर समोरचा गोंधळेल.

निघताना आपण ‘बरं, येतो’ म्हणतो, तेही तिकडे चालत नाही. तिथे सरळ ‘मे बोइ’, जातो. घरात कुणी ‘जातो काय म्हणतोस, येतो म्हण!’ असं ओरडणार नाही.

पुढच्या भागात ‘बेनिर’. तोवर आस्ता लुएगो!