कोऱ्या फेअरवेवरचे बुडखे

जंगलात नवा डिस्क गोल्फ कोर्स उघडला की त्याची ओळख आधी पायांना होते, आणि ती बुडख्यांमुळे होते. फेअरवे, म्हणजे टीपासून बास्केटपर्यंत डिस्क जायचा पट्टा, मोकळा करताना मोठी झाडं राखतात आणि मधली मनगटाएवढी रोपटी छाटून टाकतात. छाटणी बहुधा तिरकी होते, त्यामुळे उरलेल्या बुडख्याला टोक येतं. त्यावर पानगळ झाली की ते टोक दिसत नाही. घोट्याच्या उंचीची अशी कितीतरी टोकं एकेका फेअरवेवर असतात. डिस्क फेकताना खेळाडू पळत येऊन एका पायावर गिरकी घेतो आणि त्याची नजर तेव्हा समोरच्या झाडांमधल्या फटीवर असते, जमिनीवर नाही.

मी शार्लटजवळ राहते. इथे या खेळाचं वेड जुनं आहे. तासाभराच्या आतल्या रॉक हिलला १९९९पासून अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा भरत आली आहे. गोल्फसारखाच हा खेळ. चेंडूऐवजी पावणेदोनशे ग्रॅमच्या आतबाहेरची प्लास्टिकची डिस्क असते आणि खड्ड्याऐवजी खांबाला टांगलेल्या साखळ्यांखाली लोखंडी बास्केट. एड हेड्रिक यांनी १९७५मध्ये कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स आखला. आज अनेक कोर्स सार्वजनिक उद्यानांच्या जमिनीवर स्थानिक क्लबचे स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी राबून उभे करतात. त्या मेहनतीबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच कोर्स घाईने उघडला जातो तेव्हा वाईट वाटतं.

नियम पाहिला की बुडख्याची अडचण नीट कळते. जमिनीवर थांबलेल्या डिस्कच्या मागे २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब एवढीच जागा खेळाडूची असते. पुढची डिस्क हातातून सुटते त्या क्षणी निदान एक पाय तिथे टेकलेला लागतो. जुन्या कोर्सवर हा नियम कुणाच्या ध्यानातही येत नाही. नव्या कोर्सवर नेमक्या त्या वीतभर जागेत टोकदार बुडखा किंवा उघडं पडलेलं मूळ असतं. सुटी फांदी उचलून टाकता येते. बुडखा उपटता येत नाही. मग पाय वाकडा ठेवून, तोल सांभाळत फेकायचं. मुरगळलेले घोटे मी जास्त करून नव्या कोर्सवरच पाहिले आहेत.

पावसाने आणखी भर पडते. इथली माती लोहामुळे लालभडक, आणि चिकण. वरचा पालापाचोळा खरवडला गेला की ती उघडी पडते. टीची जागा, म्हणजे पहिली फेक जिथून करायची तो चौथरा, अजून काँक्रीटचा झालेला नसतो. मातीवर चार खुंट्या ठोकून हद्द दाखवलेली असते. दोन शनिवार लोक खेळले की तिथे खळगा पडतो, पाणी साचतं आणि चिखलणी केलेल्या खाचरात उभं राहिल्यासारखा पाय रुततो. उतारावरच्या फेअरवेवरून माती ओघळून खालच्या ओढ्यात जाते.

पाट्या नसणं, पुढची टी न सापडणं, दुसऱ्याच बास्केटकडे डिस्क फेकली जाणं हे त्रास खरे आहेत, पण थोड्या दिवसांचे. हरवणाऱ्या डिस्कचं तसं नाही. इथल्या हॉर्नेट्स नेस्ट किंवा रीडी क्रीकसारख्या जुन्या कोर्सवर फेअरवेच्या कडेचं रानही माणसांच्या पायांनी विरळ झालेलं असतं. नव्या ठिकाणी चार पावलं आत गेलं की ग्रीनब्रायरच्या काटेरी वेली, गोचिडी आणि पॉयझन आयव्ही. पॉयझन आयव्हीच्या तीन पानी वेलीचा चीक लागला की अंगावर फोड येतात. नियमाने शोधायला तीन मिनिटं मिळतात. एवढ्या वेळात त्या जाळीत हातही घालवत नाही. शिवाय झाडं तोडून पट्टा मोकळा केला की जमिनीवर ऊन येतं आणि याच वेली कडेने दुप्पट जोमाने वाढतात. स्वीटगम आणि लाल मेपल यांच्या बुडख्यांना तर पुढच्या वसंतात धुमारे फुटतात. एकदा छाटलं म्हणजे काम संपलं, असं होत नाही.

माझा खरा जीव अडकतो तो झाडांत. झाडांची पोषण घेणारी मुळं बहुतेक वरच्या दीडेक फुटातच पसरलेली असतात. तिथून आजवर क्वचित कुणी चाललं असेल. आता रोज माणसं एकाच वाटेने जातात. माती दबते, तिच्यातली हवा आणि पाणी मुरण्याची जागा कमी होते. दाटीत वाढलेल्या झाडांना वाऱ्याची सवय नसते. शेजारची झाडं गेली की पट्ट्याच्या कडेची झाडं वादळात कोसळू शकतात. त्यातच टीसमोरच्या पहिल्या दोन-तीन झाडांवर सगळ्यांच्या डिस्क आदळतात. लांब फेकीच्या ड्रायव्हर डिस्कची कड निमुळती आणि टणक असते, आणि बीच झाडाची साल अगदी पातळ. आमच्या इथल्या नव्या कोर्सवरच्या एका बीचच्या छातीएवढ्या उंचीवरच्या खुणा मी बोटांनी चाचपून पाहिल्या आहेत. काही ठिकाणी आतलं लाकूड उघडं पडलं होतं. हे झाड राखायचं म्हणून फेअरवेला तिथे मुद्दाम वळण दिलेलं होतं.

स्कोअरचंही काही खरं नसतं. बास्केट कुठे ठेवायची ते अजून ठरत असतं. आज इथे, महिन्याभराने उताराखाली. अशा फेरीवरून स्वतःचा खेळ जोखण्यात अर्थ नाही.

माझं म्हणणं एवढंच, की अठरा होल एकदम उघडू नयेत. आधी नऊ उघडावेत आणि उरलेल्यांवर एक हिवाळा काम करावं. बुडखे जमिनीलगत सपाट कापावेत, किंवा लहान असतील तर मुळासकट काढावेत. माऱ्यातल्या झाडांपुढे आडोशाचे खांब रोवावेत. वाटांवर लाकडाचा कुटा तीन-चार इंच पसरावा, पण खोडाला टेकू देऊ नये, नाहीतर साल कुजते. झाडं कापणाऱ्या कंपन्या हा कुटा बऱ्याचदा फुकट आणून टाकतात. तो पार्किंगपासून सर्वांत लांबच्या होलपर्यंत ढकलगाडीने न्यायला माणसं लागतात. उद्घाटनाच्या दिवशी पन्नासजण रांगेत असतात. त्यातल्या दहांनी आधीच्या महिन्यात दोन-दोन तास दिले, तर ते काम होऊन जातं.