अंगणातील पाण्याची घसरगुंडी

मोखाडा तालुक्यातील पोशेरा परिसरात सपाट जमीन शोधावी लागते. उतार मात्र हवे तेवढे. येथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परंतु तो उतारावरून वाहून जातो आणि चैत्र-वैशाखात अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी पाण्याची घसरगुंडी म्हणजे उधळपट्टीच, असे कोणालाही वाटेल. आपण हिशेब करून पाहू.

१२ मीटर लांब व दीड मीटर रुंद प्लास्टिकच्या कागदाचे क्षेत्रफळ १८ चौरस मीटर होते. त्यावर १ मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर द्यायला फक्त १८ लिटर पाणी लागते. पाणी अंग आणि कागद यांच्यामध्ये शिरते व त्यांचा थेट स्पर्श कमी करते. म्हणून घर्षण घटते. त्यासाठी धो धो प्रवाह नको, ओलावा टिकला की पुरे. अधूनमधून तांब्याभर पाणी ओतावे आणि खाली आलेले पाणी चर काढून भाजीच्या वाफ्यात सोडावे. साबण घालू नये, म्हणजे ते झाडांना चालेल.

आता उताराची उंची १ मीटर व तिरपी लांबी ५ मीटर आहे असे समजा. या उताराचे आडवे अंतर सुमारे ४.९ मीटर भरते. वर बसलेल्या मुलाजवळ उंचीमुळे स्थितिज ऊर्जा असते. ती सारी घर्षणात खर्च झाली की तो थांबतो. गणित केल्यास वस्तुमान दोन्ही बाजूंनी निघून जाते आणि एक सोपा नियम उरतो: एकूण आडवे अंतर = उंची ÷ घर्षणांक. घर्षणांक ०.१ असेल, तर हे अंतर १० मीटर येते. म्हणजे उतार संपल्यावरही ५.१ मीटर ओला सपाट कागद हवाच. वर दोनेक मीटर जादा ठेवावा.

तुमच्या कागदाचा घर्षणांक किती? जुने सुती कापड गुंडाळलेली वाळूची पिशवी वरून सोडा. ती थांबेल तेथपर्यंतचे आडवे अंतर मोजा आणि उंचीला त्याने भागा. उंची मोजण्यास गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी चालते. पाच वेळा मोजून सरासरी घ्या.

ही मोजणी केवळ वहीसाठी नाही. उताराच्या पायथ्याशी वेग सेकंदाला सुमारे ३.२ मीटर, म्हणजे ताशी ११ किलोमीटर असतो. ५ मीटरांत थांबल्यास मंदन १ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या आसपास राहते. तेच दगडाला आपटून १० सेंटिमीटरांत थांबल्यास ते ५० होते, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या पाचपट! अमेरिकेत १९६१ पासून अशी घसरगुंडी खेळणे म्हणून विकली जाऊ लागली. धावत येऊन तिच्यावर पोटावर झेप घेणाऱ्या काही प्रौढांना मानेच्या इजा होऊन कायमचे पंगुत्व आले. म्हणून १९९३ मध्ये तेथील ग्राहक सुरक्षा आयोगाने प्रौढांना व किशोरांना ती न वापरण्याचा इशारा दिला.

तेव्हा कागदाखालचे दगड व खुंट आधी वेचा. मोठे माणूस जवळ असू द्या. धावत येऊ नका. वर बसून, पाय पुढे करून, एका वेळी एकानेच घसरा. आणि पिशवी जेथे सुखरूप थांबत नाही, तेथे स्वतः बसू नका. आधी उंची कमी करा.